सख्खी न्हाई

"विद्यापीठातली पोर काय तू?" दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं. उंच, काळ्यासावळ्या, सत्तरीच्या आसपास. हातात नाचणीच्या आंबिलीची वाटी. "ये आत. एवढं भरवतो आणि मग बोल त्याच्याशी."

'भरवतो' ऐकूनच कळलं की बाई शिरोळ-हातकणंगलेकडच्या. तिकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. सरांच्या घरी मी याआधी पाच-सहा वेळा गेले होते, पण ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या सरांच्या थोरल्या बहीण, रत्नाक्का. सरांना अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. पंधरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले होते, आणि त्यांची सेवा करायला आक्का कोथळीहून आल्या होत्या.

सर म्हणजे डॉ. जिनदत्त मगदूम. माझे मार्गदर्शक. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी त्या सोमवारी दुपारी चार वाजता गेले, ते माझा बांधून आलेला प्रबंध त्यांना दाखवायला. शुक्रवारी तो विद्यापीठात द्यायचा होता. सही विभागप्रमुख करणार होते, कारण सरांचा उजवा हात गेला होता. वाचाही गेली होती. म्हणजे अगदी गेली नव्हती, पण मनातला शब्द तोंडात येत नव्हता, आणि आला तर भलताच यायचा.

सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना माझ्या हातातला प्रबंध दिसला.

"सर, आला बांधून," मी म्हटलं. "पाच वर्षं लागली, पण आला."

त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, प्रबंध मागतायत. त्यांनी माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हाताला एवढी पकड असेल असं वाटलं नव्हतं.

"स... स..." त्यांचे ओठ वाकडे होत होते. "सख्खी... सख्खी न्हाई."

आक्का चमचा वाटीत तसाच धरून उभ्या राहिल्या.

"सख्खी न्हाई!" सर आता ओरडत होते. "न्हाई! न्हाई!" मनगट सोडून त्यांनी हात हवेत फिरवला, तो वाटीला लागला आणि आंबील आक्कांच्या लुगड्यावर सांडली.

दारात पद्माकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हां हां," आक्का अगदी शांत आवाजात म्हणाल्या. "न्हाई तर न्हाई. गप आता." त्यांनी आधी सरांची हनुवटी पुसली, मग स्वतःचं लुगडं.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांनी नळ सोडला आणि भांडी न घासता तो तसाच वाहू दिला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"शुक्रवारपासून हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "दिवसातून दहा वेळा. आक्का शुक्रवारीच आल्या ना. त्या समोर आल्या की हे सुरू."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, शब्द कुठलेही येतात, अर्थ लावत बसू नका. पण हा शब्द, स्वरूपा?" त्यांनी डोळे पुसले. "तुला माहीत नसेल. आक्का ह्यांच्या सख्ख्या नाहीत. सासऱ्यांची पहिली बायको आक्कांच्या बाळंतपणात गेली. मग दुसरी केली, त्यांचे हे. आक्का सहा वर्षांनी मोठ्या. ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं त्यांनी. मी ह्या घरात येऊन तीस वर्षं झाली, 'सावत्र' हा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. आणि आता, सगळे शब्द गेले आणि राहिला तो नेमका हा."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शुक्रवारी मी फोन केला होता ना, प्रबंध बांधायला टाकलाय म्हणून. तो निरोप सरांना दिला होता?"

"लगेच दिला. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल."

मी चहा घेतला नाही. निघते म्हणाले. जिना उतरताना मी मधल्या वळणावर थांबले. सर काय म्हणत होते ते मला कळलं होतं.

विभागातल्या आमच्या खोलीत 'सख्खी' ह्या शब्दाचा एकच अर्थ होता. सूर्य एकटा जन्मलेला नाही. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायूच्या एका मोठ्या ढगातून त्याच्याबरोबर शेकडो, कदाचित हजारो तारे जन्मले, आणि मग आकाशगंगेत पांगले. त्यांतले कुठे आहेत हे शोधायचं, हे सरांचं काम. पांगलेली भावंडं ओळखायची कशी? त्यांचं वय सूर्याएवढं हवं. त्यांच्या मार्गाचं गणित मागे मागे नेलं तर ती सूर्याच्या जन्मजागेकडे जायला हवीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्यांच्यातली मूलद्रव्यं त्याच प्रमाणात हवीत, कारण ढग एकच. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यातल्या काळ्या रेषांवरून ही मूलद्रव्यं मोजता येतात. तिन्ही परीक्षांत उतरली ती सख्खी. नुसतीच सूर्यासारखी दिसणारी असेल तर सर म्हणायचे, "चुलत. सोडून दे."

चौदा वर्षांपूर्वी सरांनी एक सख्खी शोधली होती. आमच्या यादीत तिचा क्रमांक चारशे बारा. कोल्हापूरसारख्या ठिकाणी बसून एका माणसाने सूर्याची बहीण शोधली म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं, बाहेरच्या देशांतून व्याख्यानांची बोलावणी आली होती. माझा प्रबंध तिच्यावरच उभा होता. एक सूर्य आणि दुसरी चारशे बारा, ह्या दोघांमध्ये जेवढा फरक आहे तेवढाच फरक चालेल असं धरून मी नऊ हजार तारे चाळले होते आणि पाच निवडले होते. चारशे बारा गेली तर ते पाचही गेले.

सर ज्या ताऱ्याकडे बोट दाखवत होते तो माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात होता. पण मी स्वतःला सांगितलं की तसं नसेल. डॉक्टर म्हणाले होते, अर्थ लावत बसू नका.

त्या संध्याकाळी मी विभागात गेले नाही. वसतिगृहावरही गेले नाही. रंकाळ्याच्या काठाने चालत राहिले, एक फेरी झाली तशी दुसरी सुरू केली. दोन वेळा बाकावर बसले आणि दोन्ही वेळा लगेच उठले. आईचा गडहिंग्लजहून फोन आला, "शुक्रवारी आम्ही येऊ काय गं, पेढे घेऊन?" मी या म्हटलं.

मंगळवारी सकाळी साडेआठला विभाग उघडला तेव्हा मी दारातच होते. सरांची खोली आजारपणापासून तशीच होती. त्यांच्या संगणकावर आम्हा दोघांचं काम एकाच ठिकाणी ठेवलेलं असायचं. शोधावं लागलं नाही. सर्वांत वर चारशे बाराचा नवा वर्णपट होता. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीचा, त्यांच्या तिथल्या जुन्या मित्राने पाठवलेला, आमच्या जुन्या वर्णपटापेक्षा कितीतरी स्वच्छ. आल्याची तारीख झटक्याच्या पाच दिवस आधीची.

टेबलावर पुस्तकांखाली कागद होते. सर आकडेमोड अजून कागदावर करत. तीन पानं, बारीक अक्षर, आणि तिन्ही पानांवर एकच मूलद्रव्य, बेरियम. बेरियम हे ताऱ्यांच्या पिढ्यांगणिक वाढत जाणारं द्रव्य. जितका तारा उशिरा जन्मलेला तितकं ते जास्त. जुन्या वर्णपटात त्याच्या रेषा इतक्या पुसट होत्या की सरांनी त्या धरल्याच नव्हत्या, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. नव्या वर्णपटात त्या रेषा ठसठशीत दिसत होत्या. सरांनी तीन वेगळ्या रीतींनी बेरियम काढून पाहिलं होतं. तिन्ही वेळा ते सूर्यापेक्षा बरंच जास्त आलं होतं. म्हणजे चारशे बारा सूर्याहून निदान दीड अब्ज वर्षांनी लहान. एका ढगातली असणंच शक्य नव्हतं.

तिसऱ्या पानाच्या तळाशी मराठीत एक ओळ होती. "सोमवारी खोतला सांगणे."

खोत म्हणजे मी. झटका रविवारी सकाळी आला होता.

मी दार लावून घेतलं आणि सगळं पुन्हा मोजलं. मला सरांची चूक सापडायला हवी होती. अकरा वाजता मोजलं, दुपारी दोनला मोजलं. मध्ये एकदा माझं उत्तर वेगळं आलं. पण मीच एका ठिकाणी आकडा उलटा घातला होता. दुरुस्त केल्यावर सरांचंच उत्तर आलं.

मग मी ते तीन कागद घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवले. का, असं कुणी विचारलं असतं तर जपून ठेवायला असं म्हणाले असते. पण जपायला तिथे सरांचा खण होता. मी त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा त्या गोष्टीबद्दल जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं.

विभागप्रमुख व्हरांड्यात भेटले. "काय खोत, शुक्रवारी नक्की ना? मगदूमांसाठी तरी वेळेत होऊ दे."

"नक्की सर," मी म्हटलं.

साडेचारच्या सुमाराला मी काकूंना फोन केला. आपण का फोन करतोय हे मला माहीत होतं. सर गप्प झाले असतील, असं ऐकायचं होतं.

"तेच चाललंय," काकू म्हणाल्या. "आज तर आक्का खोलीत गेल्या की मी त्यांना काहीतरी काम सांगून बाहेर बोलावते. त्यांना कळतंय. एरवी दिवस मावळायच्या आत जेवतात, पण काल सांजचं जेवल्याच नाहीत, आज दुपारीही फक्त ताक घेतलं. बरं, तू काही कामाने फोन केला होतास का?"

आत्ता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

"नाही," मी म्हटलं. "सहजच."

बुधवारी दुपारी एक वाजता काकूंचाच फोन आला. "स्वरूपा, तासभर येशील? आक्का तीनच्या गाडीने कोथळीला चालल्यात. मी त्यांना स्टँडवर सोडून येते, तोवर ह्यांच्याजवळ कुणीतरी हवं."

"चालल्यात? का?"

"विचारलं मी. म्हणतात, ऊस तोडायला आलाय, पोराला एकट्याला जमत नाही. दिवाळीआधी कुठला ऊस तुटतो गं?"

मी पोचले तेव्हा काकू रिक्षा बघायला खाली उतरत होत्या. जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेल्या. बाहेरच्या खोलीत आक्का खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, गाडी चुकेल की काय अशा घाईत. पायाशी कापडी पिशवी. आतून सरांच्या घशातला आवाज येत होता.

"आलीस? बरं झालं. त्याला आत्ताच पाणी पाजलंय. औषध चार वाजता, तिथं फळीवर ठेवलंय."

"आक्का, राहा की."

"राहून काय करू?" त्या माझ्याकडे न बघता पिशवीचे बंद आवळत होत्या. "माझं काय न्हाई गं. सावत्र तर सावत्र, खोटं कुठं हाय त्यात? पण मला बघितलं की त्याचं डोकं भणाणतंय. नाडी किती उडती बघितलीस? परत झटका आला तर? मी त्याला बरं करायला आलो, मारायला न्हाई."

मी तोवर समजत होते की त्या दुखावल्या म्हणून चालल्या आहेत. दुखावलेल्या माणसाची समजूत काढता येते, चार दिवसांनी, आठ दिवसांनी, शुक्रवारनंतर. सोमवारपासून मी मनाशी तेच धरून बसले होते. पण आक्का सरांच्या जिवासाठी चालल्या होत्या.

"ते तुम्हाला म्हणत नाहीयेत," मी म्हटलं.

"असू दे, असू दे. तू बरं वाटावं म्हणून..."

"नाही आक्का. खरंच. ते एका ताऱ्याबद्दल बोलतायत."

त्यांनी वर पाहिलं.

मी सांगायला लागले. सगळं एकदम तोंडात आलं, सूर्य, ढग, भावंडं, चारशे बारा, बेरियम. सोपं करून सांगायचं भान राहिलं नाही. पण आक्कांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे तो तारा सूर्याचा सख्खा, असं ह्यानं जगाला सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तो न्हाई."

"हो."

"आणि ते तुला सांगाय बघतोय."

"हो. मी प्रबंध देणार म्हणून. शुक्रवारी काकूंनी त्यांना सांगितलं, त्याच दिवशी तुम्ही आलात."

"तुला कवा कळलं हे?"

"आत्ताच," मी म्हटलं. "येताना लक्षात आलं."

आक्कांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या उठल्या. "चल."

सर आम्हा दोघींना एकत्र बघून पुन्हा सुरू झाले. "सख्खी... सख्खी..." गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी पलंगाशी बसले. पर्समधून ते तीन कागद काढले आणि त्यांच्या मांडीवर उलगडून ठेवले.

"चारशे बारा," मी म्हटलं. "बेरियम जास्त आहे. मी पण मोजलं, सर. तिन्ही रीतींनी. चारशे बारा सख्खी नाही."

त्यांचा आवाज तोडल्यासारखा थांबला. त्यांनी कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाच दिवस चाललेली त्यांच्या हाताची ती धडपड थांबली आणि हात कागदांवर पसरून राहिला. मान उशीवर टेकली. डोळ्यांच्या कडेने पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"अरे, मग तसं म्हण की!" आक्का म्हणाल्या. "तारा म्हण. मला वाटलं, मला म्हणालास."

सरांना आधी कळलं नाही. ते आक्कांकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी लक्षात येणं मी नंतर पुष्कळदा पाहिलंय, विद्यार्थ्यांच्या, सहकाऱ्यांच्या. तसं परत पाहिलं नाही. त्यांनी आक्कांचा हात ओढून घेतला आणि मान हलवायला लागले, नाही, नाही, नाही. तोंड उघडलं, मिटलं. शब्द शोधत होते.

"आ..." ते म्हणाले. "आई."

"आई न्हवं," आक्का म्हणाल्या. "आक्का. म्हण. आक्का."

"आई."

"असू दे. उद्या म्हण."

मागे हुंदका ऐकू आला. काकू दारात उभ्या होत्या, पायांत अजून चपला. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. पण त्या नुसत्या आक्कांसाठी रडत नव्हत्या.

"म्हणजे हे चुकले होते?" त्यांनी मला विचारलं.

"तेव्हा तेवढंच दिसत होतं, काकू. तेव्हाच्या वर्णपटात ते दिसणंच शक्य नव्हतं."

"पण लोक चुकलेच म्हणणार ना? त्या ताऱ्यासाठी त्यांनी काय काय सोडलंय, तुला माहीत नाही. मला माहीत आहे. पोराच्या बारशालाही हा माणूस दुर्बिणीवर होता." त्यांनी आवाज खाली आणला, जणू सर तिथे नव्हतेच. "हे बघ, त्यांना बरं होऊ दे. मग त्यांचं ते ठरवतील. तोवर तू तुझा प्रबंध दे शुक्रवारी. कुणाला कळणार आहे?"

दोन दिवस मी हेच वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून फिरत होते. आणि ते म्हणणारं माणूस सरांच्या घरातलं होतं. मी हो म्हटलं असतं तर मला कुणी दोष दिला नसता.

पलंगावर धप् असा आवाज झाला. सर डाव्या मुठीने गादीवर मारत होते.

"सांग," ते म्हणाले. स्पष्ट. एकही अक्षर अडखळलं नाही. "सांग. सांग."

काकू मटकन खुर्चीवर बसल्या. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आक्का खिडकीतून वाकून म्हणाल्या, "जा रे बाबा तू. न्हाई यायचं कुणाला."

शुक्रवारी मी प्रबंध दिला नाही. विभागप्रमुखांना कागद दाखवले. ते चष्मा पुसत म्हणाले, "खोत, हे मगदूमांनीच काढलं होतं?" मी म्हटलं, हो, तारीख आहे. आईबाबा पेढे घेऊन आले होते, कारण त्यांना येऊ नका म्हणून सांगायला मी विसरले होते. ते पेढे आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून खाल्ले. बाबा म्हणाले, "मग आता परत पाच वर्षं काय?" दोन लागली. त्या पाच ताऱ्यांतला एकही टिकला नाही. माझ्या नव्या प्रबंधाचा विषय होता, सूर्याचे सख्खे म्हणून समजले गेलेले तारे कसे बाद करावेत.

चारशे बारा सख्खी नसल्याचा लेख सात महिन्यांनी छापून आला. तोवर सरांना छोटी वाक्यं जमायला लागली होती. मी मसुद्यावर माझं नाव आधी घातलं होतं, कारण लेखाचं काम मी केलं होतं. सरांनी डाव्या हाताने ते खोडलं आणि आपलं नाव वर लिहिलं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात. "चूक माझी," ते म्हणाले. "नाव... माझं." काही लोक हसले असतील. एका नियतकालिकात बोचरं लिहूनही आलं. पण पुष्कळांची पत्रं आली, आणि काकूंनी ती सरांना एकेक करून वाचून दाखवली. माझ्याशी त्या वर्षभर कामापुरतंच बोलल्या. सर त्यानंतर नऊ वर्षं जगले. पूर्वीसारखे बोलते झाले नाहीत, पण यादीतल्या ताऱ्यांवर खुणा करायचं काम शेवटपर्यंत करत होते. सूर्याचं एकही खात्रीचं भावंड आम्हाला मिळालं नाही. मला अजूनही मिळालेलं नाही.

आक्का दिवाळीपर्यंत राहिल्या. भाऊबीज झाल्यावर निघाल्या, तेव्हा त्यांना स्टँडवर सोडायला मी गेले. शिरोळची गाडी लागायला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. त्यांनी घरच्या भावंडांचं, भाचरांचं विचारलं, माझ्या लग्नाचं विचारलं. मग म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नको."

"सांगा की."

"तू मला म्हणालीस, आत्ताच लक्षात आलं म्हणून. तसं न्हवतं. तुला सोमवारीच कळलं होतं."

फलाटावर एक गाडी धूर सोडत उभी होती. मी तिच्या पाटीकडे बघत राहिले.

"कसं ओळखलंत?"

"तो वरडला तवा पद्मा माझ्याकडं बघाय लागली. समदी तसंच बघतात. तू मात्र हातातल्या पुस्तकाकडं बघितलंस. काय ते मला कळलं न्हाई, पण तुला कायतरी कळलंय एवढं कळलं. सोमवारी वाट बघितली, ही पोर बोलंल. मंगळवारी बघितली. तुझा फोन आला तवा मी दाराशीच होतो."

"मग तुम्हीच का नाही विचारलंत, आक्का?"

"मी काय विचारू? तुझं होतं ते." त्यांनी पदर सारखा केला. "आणि सांगितलंस की शेवटी."

मला खूप काही म्हणायचं होतं. त्या बुधवारी तुम्ही निघाला नसतात तर मी सांगितलं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, हे तर मुख्यच. पण तेवढ्यात शिरोळची गाडी लागली आणि माणसं दाराकडे धावली. मी आक्कांना धरून वर चढवलं, खिडकीशी जागा मिळवून दिली आणि खाली उतरले.

"जा आता," त्या खिडकीतून म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत जेव."

गाडी मागे सरली. मी हात वर केला, पण आक्कांचं लक्ष नव्हतं. एक लेकुरवाळी बाई उभीच राहिली होती, आणि तिला जागा करून द्यायला त्या आत सरकत होत्या.